धारेची साडी

—मिरजेला? मग जयसिंगपूरवरनंच जाणार की तुम्ही. बसा, बसा पावणं, उठू नका, गाडी आली की काचेतनं दिसतीयाच. किती वाजता म्हणला, सात? आता साडेसहाला पाच कमी हाईत. म्हणजे अर्धा तास हाय आपल्याकडं — तुमच्याकडं, म्हणजे. मी कुठं जातोय, मी अकरापतोर हितंच हाय, हॉटेलवाल्यांनी अकराची येळ दिल्या. न्हाय, तसं काय काम न्हाय. हाय, खरं लई बारकं हाय. एक पिशवी हाय बघा. अजून भरल्याली न्हाय, भरतो. पिशवीत एक साडी, जुनी. ती तेवढी जयसिंगपूरच्या अलीकडं आमच्या फाट्यावर द्यायची. गाडी जरा बाजूला घ्यायची, काच खाली करायची, पिशवी भाईर धरायची. उतरायचंबी काम न्हाय. माझा पोरगा उभा ऱ्हाईल तिथं, राजवर्धन, बुलेट हाय त्याची, मिशा हाईत भरगच्च, लांबनं वळखू येतोय. बास, एवढंच. साडीला काय वजन असतंय?

कुणाची म्हणजे? आमच्या मंडळींची. अंबूबाई. ती बी हितंच हाय, वर दोनशे सातात, झोपलीया. मग साडी कुणाला — पोराला. पोरगा नेसणार हाय. असं बघू नका पावणं, आधी ऐकून तर घ्या. तुम्ही पुण्याचं, तुमच्याकडं दूध पिशवीतनं येतंय, तुम्हांला कसं ठावं असणार. आमची एक म्हस हाय, चंद्री. तशा दोन हाईत, खरं दुसरी गरीब हाय, कुणीबी खाली बसू दे, देती. चंद्री तसली न्हाय. चंद्री फकस्त आमच्या हिच्या हाताला पान्हावती. दुसरं कोण बसलं की दूध चोरती — चोरती म्हणजे वर वढून धरती, सोडतच न्हाय, आणि लईच मागं लागला तर लाथ घालती, बादली तिकडं, माणूस हिकडं. आता असल्या म्हशीला आमच्याकडं एकच इलाज. बाईची धारेची साडी असती की, रोज धार काढताना नेसायची, शेणाचा, पेंडीचा, दुधाचा वास बसलेली — ती गड्यानं नेसायची, डोक्यावरनं पदर घ्यायचा, तोंड उघडायचं न्हाय, आणि गुमान जाऊन बसायचं. म्हशीला वाटतंय मालकीण आली. फसती बिचारी. आमच्या चुलत्यांनी अशी साडी नेसून दोन वर्सं धार काढल्या, चुलती बाळंतपणाला गेलती तवा. लोक हसत्यात, हसू द्यात. दूध तर निघतंय.

तर आमच्या पोरानं पंधरा दिवस सराव केला. व्हय, सराव. रोज पाटंचं साडी नेसायची, बुलेट चालवणारा पोरगा, दंड असा — नेसवायला त्याची बायकोच हुभी, पूर्णिमा, आमची सून. हसू हसू तिच्या डोळ्यांस्नी पाणी यायचं. फोटू काढला तिनं, तो कुणाला दावायचा न्हाय अशी शपथ घातल्या राजूनं, खरं माझ्या फोनमदी हाय, दावू? ऱ्हाऊ दे, नंतर. तर पंधरा दिवसात चंद्री फसली. रोज तीन-तीन लिटर दिलं तिनं त्याला. मी म्हटलं झाली जोडणी, आता निघायला हरकत न्हाय. आणि निघालो. आणि काय झालं सांगू — साडीच घिऊन आलो.

मी न्हाय, हिनं आणली. आता तिचंबी चुकलं असं कसं म्हणू. पोरीनं आमच्या, अनुजानं, ती पुण्यातच हाय तुमच्या, तिनं हे हॉटेल बुक केलंय मोबाईलवरनं. लग्नाला एकतीस वर्सं झाली म्हणून. म्हणली, आबा, आईला घिऊन एक रात कोल्हापुरात ऱ्हावा, अंबाबाईचं दर्शन घ्या, रंकाळ्यावर बसा, सकाळी नाश्ता फुकट हाय. फुकट म्हणजे तिनंच भरल्यात पैसे, खरं आम्हांला फुकटच. तर ही निघताना काय म्हणली, हॉटेलातल्या अंथरुणावर कोण-कोण झोपून गेलं असंल कुणाला ठावं, मी आपलं कायतरी पसरायला घेतो. आणि दांडीवर हाताला काय आलं तर ती साडी. तिच्या अंगावरची रोजची साडी, मऊ झालेली, तिला काय वास येतोय व्हय त्याचा. घातली पिशवीत. मीच पिशवी उचलून यष्टीत ठेवली की. मला बी कळलं न्हाय.

कळलं कवा? संध्याकाळी सातला. ही न्हाणीत होती. दोनदा आंघोळ केली तिनं काल. नळ फिरवला की गरम पाणी, म्हणली एवढं पाणी तापवायला मला किती चगाळ, पालापाचोळा, जाळाय लागला असता, आणि परत गेली आत, आपला मोबाईल घिऊन. तेवढ्यात राजूचा फोन. आबा, साडी कुठं हाय? मी म्हटलं दांडीवर. दांडीवर न्हाय. मग मी हिकडं बघतोय तर साडी पलंगावर, हातरलेली. म्हटलं, दुसरी कुठलीबी नेस आता. राजूनं मग हिची दुसरी साडी नेसली, पेटीतली, धुतलेली, डांबरगोळीच्या वासाची. चंद्रीनं एकदा हुंगलं आणि बादली उडवली थेट गव्हाणीत. पाच बार प्रयत्न केला म्हणं. थेंब दिला न्हाय. मग दिलं त्यानं सोडून आणि गेला चौकात.

हं? हिला सांगायला काय झालं? हेच इचारणार होता तुम्ही, मला म्हाईतच हुतं. सांगितलं असतं तर आत्ता ती हितं असती व्हय? आठच्या यष्टीनं घर गाठलं असतं तिनं. तुम्ही ओळखत न्हाय तिला. हातकणंगल्याला माझ्या मेव्हण्याच्या पोरीचं लग्न, सख्ख्या भावाच्या लेकीचं, पाचची अक्षता — ही साडेचारला मांडवातनं उठली, म्हणली धारंची येळ झाली. अक्षता मुठीत घिऊन यष्टीत बसली, आणि हातकणंगले सोडताना खिडकीतनं टाकल्या, मांडवाच्या दिशेनं. लग्न झाल्यावर आम्ही जोतिबाला गेलतो, नवरा-बायको, पाच पायऱ्या उचलून घ्यायची रीत हाय तिथं — उचलली, कमरंत उसण भरली — आणि दुपारच्या गाडीनं परत. का तर धार. तवापासनं आम्ही दोघं मिळून एक रात भाईर काढल्याली न्हाय. एकानं जायचं, एकानं गोठ्यात ऱ्हायाचं. एकतीस वर्सं. लोक म्हणायचे ह्यांचं पटत न्हाय वाटतं, कुठं दोघं जोडीनं दिसत न्हाईत. पटतंय की. न पटायला एकत्र तर बसाय पायजे.

म्हणून सांगितलं न्हाय. न्हाणीतनं आली, केस मोकळं सोडून, आणि पयला सवाल — चंद्रीनं दिलं का? मी म्हटलं दिलं की, पाच लिटर. तोंडात आला तो आकडा सांगितला. ती म्हणली, पाच? मी म्हटलं व्हय, पाच. बरं, म्हणली, आणि हसली. मला वाटलं हॉटेलात आल्यामुळं खुशीत हाय. खुशीत हुतीच हो. पोरीनं हॉटेलवाल्यांस्नी सांगून ठेवलं हुतं, लग्नाचा वाढदिवस हाय म्हणून, तर त्यांनी पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढून ठेवलेला. हिनं दारातनं बघितलं आणि म्हणली, अगं बया, फुलांवर झोपायचं? सगळ्या पाकळ्या गोळा केल्या रुमालात आणि देवळात अंबाबाईला वाहून आली. बदाम गेला देवीला. आणि तिथं किटली हाय बघा, कागदाच्या पुड्यात चहा, साखर, आणि दूध म्हणून पांढरी भुकटी. हिनं भुकटी जिभंवर घेतली, लई येळ चघळली, आणि म्हणली, हे कुठल्या जनावराचं? मी म्हटलं कारखान्याचं. तशी जी हसाय लागली, जी हसाय लागली — खाटंवर बसून, तोंडाला पदर लावून. मी असली हसताना तिला कवा बघितली म्हणून आठवाय लागलो तर आठवंना.

आणि मग म्हणली, हितं सकाळी कोण उठीवतंय? मी म्हटलं कोण न्हाय. म्हणली, कोणच न्हाय? मी म्हटलं आपण सांगितलं तर फोन करत्यात, न्हाय सांगितलं तर न्हाय. लई इचार केला तिनं. मग म्हणली, सांगू नका.

आता तुम्ही सांगा पावणं, ह्याच्यावर मी काय सांगणार हुतो तिला, की म्हशीनं थेंब दिला न्हाय म्हणून?

थांबा, फोन आला, राजूच हाय — हं बोल. न्हाय, अजून न्हाय, व्यवस्था करतोय. गाडी मिळाल्या, मिरजेची, एक पावणं हाईत, लई चांगला माणूस — हं? अजून न्हाय सोडला? कवा बसलास तू? सहाला? अरं पाचला उठ म्हणून सांगितलं हुतं — बरं बरं. कास कशी हाय? नीट बघ. हात लाव. मऊ? मऊ कशी लागंल मर्दा, काल सकाळपासनं तुंबल्याली कास, दगडागत पायजे ती. तुला कळतंय काय त्यातलं. भिऊन हात लावला असशील. गप. ऐक माझं, येळ घालवू नगो, डाक्टरला फोन लाव. पान्ह्याचं इंजेक्शन दे म्हणावं. व्हय, मला म्हाईत हाय आईला चालत न्हाय ते, खरं आई हितं झोपलीया आणि म्हस तिथं तटून हुभी हाय. आईला मी बघतो. लाव फोन. ठेव.

बघितलासा? मऊ लागतीया म्हणतोय. असली ही पोरं. कास तुंबली की दगडी होतीया पावणं, रोगच हाय तसला, एक सड जातोय, कवा कवा म्हसच जाती. आणि मग आयुष्यभर ही म्हणणार, मी एक रात हॉटेलात झोपले आणि माझी चंद्री गेली. परत उंबऱ्याच्या भाईर पाऊल टाकणार न्हाय. तुमच्यासाठी ती एक साडी हाय हो. माझं सगळं त्या साडीवर हाय.

आण की मग, म्हणताय. आणतो की. गेलतो मगाशी. गेलो न्हाय असं न्हाय. आधी भाईर आलो सहाला, कार्ड आतच ठेवून आलो, का तर ते कार्ड भिताडातनं काढलं की लाईट, एशी समदं बंद, ही उठायची. मग दार आपोआप लागलं. त्या काउंटरवरच्या म्याडमनी दुसरं कार्ड करून दिलं, चांगली पोरगी हाय, एक सवाल इचारला न्हाय तिनं. वर गेलो, चप्पल हातात, चोरागत दार उघडलं. साडी तर हिच्या अंगाखाली. एक टोक धरलं, हळू वढलं. हातभर आली. आणखी वढली, आली. आणि मग हिनं कूस बदलली आणि समदी साडी परत अंगाखाली घिऊन झोपली.

मी तिथंच हुभा. हातात एक पदराचं टोक, आणि — आता हे तुम्हांला सांगायचं काय कारण न्हाय. तरी सांगतो, परत तुम्ही कुठं भेटणार. एकतीस वर्सात मी हिला झोपलेली बघितली न्हवती. हसताय? बघा की इचार करून. रातचं मी आडवा होतोय तवा ही भांडी घासतीया, न्हायतर उद्याची पेंड भिजवतीया. मी सकाळी उठतोय तवा ही गोठ्यात. मधी अंधार. बाळंतपणं माहेरात झाली. दवाखान्यात कवा पडली न्हाय. तर मला ठावंच न्हवतं ती झोपल्यावर कशी दिसती ते. तोंड उघडं ऱ्हातंय तिचं, थोडं. आणि एक हात असा गालाखाली, बारक्या पोरीगत, आणि दुसरा हात ह्या साडीवर, मूठ आवळल्याली न्हाय, उघडी. घोरती बी जरा. मी म्हटलं अंबूबाई घोरती. एकतीस वर्सं मला बोलतीया, तुमच्या घोरण्यानं झोप लागत न्हाय म्हणून.

न्हाय वढली मग. न्हाय वढवली. तवापासनं हितं यून बसलोय तुमच्याजवळ. आता तुम्ही हो म्हणला तर परत जातो, दहा मिनटं द्या, ह्या खेपंला वढतोच. दुसरं टोक पलंगाच्या त्या अंगाला हाय, तिकडनं वढतो. उठली तर म्हणंन, थंडी वाजाय लागली म्हणून घेतली. पुढचं पुढं.

काय? सून? सुनंचं काय? सुनंला बसवा म्हणताय धारंला? पावणं, आता तुम्ही चांगलं माणूस म्हणून ऐकून घेतो. पूर्णिमा कोल्हापूरची पोरगी, शाहूपुरीतली, बी.कॉम. तिच्या वडिलांचं दुकान हाय. सुपारी फुटायच्या येळंला, चार माणसात, मी शब्द दिलाय त्यांस्नी — तुमच्या पोरीला शेणात हात घालाय लावणार न्हाय. गोठा तिला दाखवणारबी न्हाय, असं म्हटलं मी. ते म्हणले सुद्धा, अहो तसं काय न्हाय, तिला आवड हाय जनावराची. मी म्हटलं न्हाय. आमच्या गावात माझ्या शब्दाला किंमत हाय. चार वर्सं झाली, पोरगीनं गोठ्याची पायरी चढल्याली न्हाय. नवऱ्याला साडी नेसवायला आली तेवढीच, ती बी दारात हुभी. साध्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ठावं हाय, आकारामची सून राणीगत हाय म्हणून. मी आकाराम. नाव सांगायचंच ऱ्हायलं.

घरात इचारतंय कोण तिला धारंचं. येतबी नसंल. शाहूपुरीत कुठनं येणार.

आली का गाडी? न्हाय ती दुसरी हाय, पांढरी न्हवं तुमची? मग हाय येळ. जातो मी वर, बसा हं, हलू नका, ही माझी पिशवी धरा तवर — थांबा, परत फोन. राजू न्हाय ह्यो. सूनबाई? हं, बोल पूर्णिमा. काय झालं? डाक्टर आला का? — का? का नगो डाक्टर? — अगं इंजेक्शन द्यायलाच पायजे, काल सकाळपासनं —

हं.

कवा?

काल रातचं? म्हणजे राजू चौकात गेल्यावर — आणि दूध? — दही लावलंस. बरं. आणि आज? — पाचला. म्हणजे राजू सहाला जी म्हस पिळत बसलाय — हं. मऊ लागणारच की मग. — न्हाय, हसत न्हाय मी. — किती दिलं? — सहा?

आणि तुला कुणी शिकिवलं? — सासूनं? — कवापासनं? — अगं मोठ्यानं बोल, ऐकू येत न्हाय — सहा महिने. रोज? — दोन्ही टायमाला? — आणि मी कुठं हुतो? — व्हय, मी डेअरीला किटल्या न्यायला येतो तवा भरून ठेवल्याल्याच असत्यात, बरोबर हाय. मला काय कळणार.

का पण? हिला काय झालं हुतं?

हात?

कुठला हात? — दोन्ही. — सकाळी बोटं मिटत न्हाईत म्हणजे? — डाक्टरला दावलं? — दावलं. माझ्या माघारी. — न्हाय, रागवत न्हाय. कोण रागावलंय. मला सांगायला काय झालं हुतं तुम्हांला? — हं. — हं. माझा शब्द. तुझ्या वडिलांस्नी दिलेला. तो मोडू नये म्हणून. — बरं.

आणि मग राजूचा सराव पंधरा दिवस? साडी नेसून? तू समोर हुभी राहून हसत हुतीस ती — न्हाय न्हाय, बरोबर हाय. आम्ही कुणी इचारलंच न्हाय तुला. — तीन लिटर दिलं की पण त्याला. — तुझ्या हातनं आधी अर्धी धार काढून झालेली, म्हणजे पान्हा आधीच सुटल्याला. हं. आलं ध्यानात.

एक सांग पूर्णिमा. तुझ्या सासूबाईंस्नी हे — म्हणजे कालचं, राजूला जमलं न्हाय, थेंब दिला न्हाय — हे त्यांस्नी ठावं हाय? — कवा फोन केलतास? — साडेसातला. म्हणजे मी पाच लिटर म्हणून सांगायच्या आधीच, त्या न्हाणीत असताना. बरं. — आणि काय म्हणल्या? — सांग. मला सांग, तुला कोण काय बोलत न्हाय. — हं. — परत सांग.

बरं. ठेव आता. राजूला म्हणावं साडी-बिडी सोड आणि च्या घे. डाक्टरला माघारी लाव. आणि तू — ऱ्हाऊ दे. घरी आल्यावर बोलतो. ठेव.



काय न्हाय पावणं. न्हाय, म्हस बरी हाय. सहा लिटर दिलं तिनं, डेअरीत पोचलंबी. न्हाय, साडी नगो आता. पिशवी द्या हिकडं. तुमचा उगंच खोळंबा केला. काय म्हणली म्हणजे? कोण, सून? ती न्हाय, ही म्हणली. अंबूबाई म्हणली काल फोनवर, सुनंला, मी न्हाणीभाईर हुभा असताना. सांगतो, सांगायला काय. म्हणली, मामांस्नी, म्हणजे मला, कळू देऊ नगो एवढ्यात. एक रात म्हशीच्या काळजीनं त्यांस्नीबी जागू दे. बघू दे कसं वाटतंय.

आणि झोपली. नऊला झोपलीया ती, अजून उठलेली न्हाय. मी तिकडं रातभर छताकडं बघत पडलोय, आणि ही शेजारी — मी म्हटलं एवढी गाढ झोप हिला लागलीच कशी. बिनघोर झोपलीया, असं मनात म्हणत हुतो मी. बिचारीला काय ठावं न्हाय, असं.

बोटं मिटत न्हाईत म्हणं सकाळची. भांडं धरता येत न्हाय. सहा महिने झालं, माझ्या हातात रोज च्याचा कप देतीया की. दोन्ही हातानं देतीया. मला वाटायचं मान देतीया.

ती बघा, पांढरी गाडी. आली तुमची. जावा. न्हाय, मी ठीक हाय, मला काय झालंय. म्याडम, ओ म्याडम — ते दोनशे सातला कुणी फोन लावू नका हां. नाश्त्याचं सांगायलाबी न्हाय. नाश्ता ऱ्हाईना का. आणि झाडायला-पुसायला कुणाला वर पाठवू नका, मीच सांगतो उठल्यावर. — जावा की पावणं, काय बघताय माझ्याकडं. मिरज लांब हाय. आणि ते काचंचं दार जरा हळू लावा जाताना. वर ऐकू जात न्हाय, म्हाईत हाय मला. तरीबी हळू लावा.